पालथी परात

माझी बायको सत्यभामा गेल्याचं कळलं त्या दिवशी जिनिंग बंद होतं. दोन हजार पाचचा जानेवारी होता. दारव्ह्याच्या आसपास घरोघरी कापूस पडून होता, पण भाव नव्हता, म्हणून कारखान्यात गाड्या येत नव्हत्या. मी तिथला रोलरचा कारागीर; कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे चामड्याचे रोलर सुरीला लावून बसवायचो. काम नसलं तरी हजर राहावं लागायचं, म्हणून मी आणि चौकीदार शंकरसिंग फाटकाजवळ उन्हात बसलो होतो. ऑफिसातला फोन वाजला आणि बाबू दारात येऊन म्हणाला, "उकंडाभाऊ, तुमच्यासाठी हाये. मुकुटबनहून."

मुकुटबनला सत्यभामेची बहीण रामीबाई राहते. तिच्या मुलीच्या लग्नाला सत्यभामा आमच्या सुनेवर, दीपावर घर सोपवून गेली होती. मला वाटलं, लग्न आटोपलं, आता कोणत्या गाडीनं येते ते सांगत असेल. मी फोन कानाला लावल्या लावल्या म्हणालो, "लवकर ये वं, दीपा एकटीच राबून राह्यली." तिकडून रडण्याचा आवाज आला. तो रामीबाईचा होता. सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता सत्यभामा खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याआधी तिला कधी काही त्रास झाल्याचं मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

जीपनं तिला घरी आणलं. विहारातल्या लोकांनी सगळं केलं. त्या धावपळीत तिची पिशवी रामीबाईकडेच राहिली. तिच्यात दोन लुगडी होती, चष्मा होता, लग्नात मिळालेलं पातळ होतं. रामीबाईचा फोन आला की ती म्हणायची, "भाऊजी, पिशवी घेऊन जा." मी म्हणायचो, येतो.

मुलगा इंद्रजित पुण्याला एका कंपनीत कामाला आहे. तिथे एका खोलीत पाचसहा पोरं राहतात, त्यामुळे बायकोला नेण्याची सोय नव्हती. तो काही दिवस थांबून परत गेला. घरात मी आणि सून दीपा असे दोघंच उरलो.

आमच्या घरात एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. त्याआधी माझी आई पाळीच्या दिवसांत गोठ्याच्या कडेला बसायची. कशाला हात लावायची नाही. दीक्षेनंतर विटाळ गेला आणि आई घरात आली. तेव्हा माझी आजी म्हणाली, आता विटाळ नाही, तर मग उचल घागर, चल वावरात. आई म्हणाली, "विटाळ सोडला, विसावा नाई सोडला." तिनं पीठ मळायची परात चुलीजवळ पालथी घातली आणि बाजेवर जाऊन पडली. परात पालथी असेतो घरातल्या माणसानं चूल सांभाळायची, असं तेव्हापासून ठरलं. तोंडानं काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. माझ्या बापानं भाकरी केल्या, मी त्याच्याकडून शिकलो, इंद्रजित माझ्याकडून शिकला. वस्तीतले लोक हसायचे. माझा बाप म्हणायचा, हसा, पण जेवायला येऊ नका.

सत्यभामेनंही ही रीत पाळली. दीपा लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिली ही गोष्ट दाखवली.

सत्यभामा गेल्यावर काही दिवसांनी मी एका सकाळी उठलो तर परात पालथी होती. मी चूल पेटवली. तुरीचं वरण केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या. दीपा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुसऱ्या दिवशी उठलो तर परात सुलटी, दीपा पीठ मळत होती.

मला वाटलं, सासरा दुःखात आहे, त्याला कशाला राबवायचं, असं तिच्या मनात आलं असेल. पुढच्या महिन्यात तसंच झालं. एक दिवस पालथी, दुसऱ्या दिवशी सुलटी. तेव्हा मात्र मी तिच्या ताटाकडे पाहिलं होतं. माझ्या हातची अर्धी भाकर तिनं ताटाखाली सारून ठेवली होती. मग माझी खात्री झाली की माझी भाकर तिच्या घशाखाली उतरत नाही, म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी उठून बसते.

शेजारी मथुराबाई राहतात. त्या तांड्यावरून आमच्या वस्तीत येऊन राहिल्या त्याला खूप वर्षं झाली. सत्यभामेचं आणि त्यांचं रोज भांडण आणि रोज चहा. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मथुराबाई, भाकर पातळ कशी करते, दाखवता काय?"

त्या म्हणाल्या, "माझा मानूस भाकर थापते का गोवरी, असं सत्यभामाबाई मले नेहमी इचारे."

"हसू नका. पोरगी उपाशी राहून राह्यली."

त्यांनी दाखवलं. गरम पाण्यात पीठ मळायचं, तळव्यानं रगडायचं, कडेपासून थापत यायचं. मी आठवडाभर रोज संध्याकाळी एक भाकर थापून पाहिली. मथुराबाईच्या शेळीनं त्यातल्या बऱ्याच खाल्ल्या.

फेब्रुवारी सरता सरता शेवटच्या वेचणीला दीपा मथुराबाईंबरोबर गेली होती. दुपारी मथुराबाई एका बैलगाडीत तिला घेऊन आल्या. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस तसाच होता. कापसाच्या तासात, दोन ओळींमध्ये, उभ्याउभ्या तिला भोवळ आली आणि ती खाली पडली. तिचा चेहरा पिवळा दिसत होता. ओठांना रंग नव्हता. मी तिला बाजेवर निजवलं, पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत मी तिथून हललो नाही. एक बाई सकाळी खाली बसली ती उठली नाही, हे मला नुकतंच ऐकावं लागलं होतं.

संध्याकाळी ती उठून बसली. मी म्हणालो, "दीपा, आता मले भाकर जमते. पातळ होते. पन तू दुसऱ्या दिवशी परात सुलटी नको करत जाऊ. माझी भाकर नसन गोड लागत तर मथुराबाईकडून आनतो, पन चार दिवस निजून राहा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मथुराबाई दारातच होत्या. त्यांनी डोक्याला हात लावला.

"मामाजी," दीपा म्हणाली, "भाकरीचं काई नाई. भूकच नाई मले." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मले एकच दिवस येते. तेबी नावापुरतं. डाग पडते अन् बंद. मंग चार दिवस कायले निजून राहू? फुकटचा विसावा घ्यावा काय?"

"कवापासून?"

"पोळ्यापासून. तवापासून चाल्लं की दम लागते, जीव घाबरते. आत्याबाईले सांगनार होती मी. त्या लग्नाहून आल्या की सांगीन, असं म्हनलं होतं."

मथुराबाई आत येऊन तिच्याजवळ बसल्या. मी अंगणात गेलो.

रात्री जेवताना मथुराबाईंनी मला एक पुडी दिली. त्यात पपईच्या बिया होत्या आणि आणखी कसलं तरी बी होतं. "गुळाच्या पान्यात उकळून द्या," त्या म्हणाल्या. "उष्ण असते. अडलेलं मोकळं होते. आमच्यात देतात." मी पुडी खिशात ठेवली. सत्यभामा असती तर तिनं द्यायचं की नाही ते ठरवलं असतं. मला ठरवता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी दीपाला घेऊन मी कुंदाबाईंच्या दवाखान्यात गेलो.

कुंदाबाई आयुर्वेदाच्या डॉक्टर. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचा दवाखाना होता, आता त्या चालवतात. त्यांनी दीपाला आत घेतलं, मला बाकावर बसवलं. बराच वेळ गेला. बाकावर सगळ्या बाया. मी एकटाच पुरुष. एक म्हातारी म्हणाली, "बावा, हा दवाखाना बायकाचा हाये. तुमचं काय दुखते?" मी म्हणालो, माझं काही दुखत नाही. ती म्हणाली, "मंग नशीबवान हायेत."

कुंदाबाईंनी मला आत बोलावलं.

"स्वयंपाक कोण करतं, असं मी हिला विचारलं. ती म्हणते, त्या दिवसांत मामाजी करतात. खरं का?"

"खरं हाये."

"मग औषध हिला देते आणि सांगायचं ते तुम्हालाच सांगते. बसा."

मी पुडी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी उघडून वास घेतला.

"दिलं का हे?"

"नाई. इचारल्याशिवाय नाई देलं."

"बरं केलं. पोटात काही नाही ना, हे आधी तपासायला पाहिजे. असलं आणि तुम्ही हे दिलं, तर काय झालं असतं?"

मी पुडी पुन्हा बांधली. बाईंनी तपासायला पाठवलं. पोटात काही नव्हतं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. गळ्याच्या ग्रंथीचीही तपासणी करून घेतली, ती ठीक निघाली. सगळे कागद पाहून कुंदाबाई म्हणाल्या, "लोहाच्या सरकारी गोळ्या दिल्यात त्या घ्यायच्याच. आयुर्वेदाची बाई सांगते म्हणून त्या टाकून देऊ नका. लिंबाच्या पाण्याबरोबर घे. चहाबरोबर नको. किती चहा पितेस?"

"भूक लागली की पिते," दीपा म्हणाली.

"म्हणजे जेवणाऐवजी. आणि जेवायला कधी बसतेस?"

"सगळ्याइचं झाल्यावर."

"घरात तुम्ही दोघंच. सगळे म्हणजे कोण?"

मग कुंदाबाईंनी मला समजावलं. आपण खातो त्याचा आधी रस होतो. त्या रसातून रक्त होतं, आणि बाईची पाळीही त्या रसातूनच येते. रस कमी पडला की शरीर आधी स्वतःला सांभाळतं, पाळी कमी करतं. "हिचं काही अडलेलं नाही, उकंडाभाऊ. द्यायलाच नाही शरीराकडे."

"म्हनजे कापूसच नाई आला," मी म्हणालो, "तर रुई कुठून निघन."

"तुम्ही जिनिंगमध्ये आहात ना? मग सांगा, कापूस न घालता रोलर फिरवत ठेवला तर?"

"तापते. सुरीवर घासून चामडं जळते."

"ही पुडी म्हणजे तेच. नुसता रोलर फिरवायचा. आधी कापूस घाला."

हे मला पटलं. इतकी वर्षं रोलर बसवतोय, त्यामुळे जळलेल्या चामड्याचा वास मला माहीत होता. पुडी मी तिथेच ठेवली.

बाईंनी शतावरीचा कल्प दिला, दुधातून घ्यायला. काळे मनुके रात्री भिजवून सकाळी द्यायचे. मुगाचं वरण, वर तूप. शेवग्याचा पाला. खजूर. दिवसाआड आळिवाची खीर. काळे तीळ आणि गूळ थोडेच, थंडी आहे तोवर. रात्री पायांना आणि कमरेला तिळाचं तेल लावून निजायचं. आणि घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं.

"हे नाई जमायचं," दीपा म्हणाली. "मामाजीच्या आधी कशी जेवू?"

"औषध आहे ते," बाई म्हणाल्या. "मामाजींना आवडलं नाही तर त्यांना माझ्याकडे पाठव."

"विसाव्याचं सांगा बाई तिले," मी म्हणालो. "एक दिवस आलं तरी चार दिवस निजायचं का नाई?"

कुंदाबाई दीपाकडे वळल्या. "जिची विहीर भरलीय तिच्यापेक्षा जिची आटलीय तिला विसावा जास्त लागतो. फुकटचा नाही तो."

त्या रात्री इंद्रजितचा फोन आला, शेजारच्या बूथवर. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुमी कायले या बायकाच्या गोष्टीत पडून राह्यले? तिच्या मायले बोलावून घ्या."

"तिची माय काय रोज येनार हाये भाकर कराले? चूल माझ्याजवळ हाये, तं हेबी माझ्याजवळच हाये."

"लोक काय म्हनतीन?"

"तुझ्या आज्याले इचार, लोक काय म्हने ते. अन् तू पुढच्या सुटीत येशीन तवा खजूर घेऊन ये. तिकडे चांगला भेटते."

तो हसला. आई गेल्यानंतर मी त्याचं हसणं पहिल्यांदा ऐकलं.

मी कामाला लागलो. सकाळी आधी दीपाचं ताट वाढायचो आणि ती जेवेपर्यंत समोर बसायचो. ती लाजायची, भाकरीचे बारीक तुकडे करायची. "मामाजी, तुमी असे बसले तर घास फुगते तोंडात," ती म्हणाली. मग मी दाराकडे तोंड करून बसायला लागलो. मथुराबाई सकाळी शेळीचं दूध आणून द्यायच्या. त्यांच्या पुडीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्यात देत, ते तांड्यावरच्या बाया दूध-तूप खाऊन राहत तवा. हिच्या अंगात काय हाये?"

मग माझ्याकडून एक चूक झाली. तीळ चांगले म्हणून मी तीळ सगळ्यात घालायला लागलो. भाजीत तीळ, चटणीत तीळ, गुळात तीळ, दुधाबरोबर तीळ. बाईंनी थंडीपुरतं सांगितलं होतं, पण मला घाई झाली होती. मला वाटलं, एकाने इतकं होतं तर दुपटीनं लवकर होईल. मार्च संपला, ऊन तापलं, आणि दीपाच्या तोंडात फोड आले. पोटात आग व्हायला लागली. जेवण पुन्हा कमी झालं. ती मला काही म्हणाली नाही, मुकाट्यानं तीळ खात राहिली. मथुराबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि मला सांगितलं.

कुंदाबाई चिडल्या. "उकंडाभाऊ, रोलर सुरीवर जास्त दाबला की काय होतं?"

"सरकी फुटते. रुई खराब होते."

"मग इथे कशाला दाबताय? यवतमाळचा उन्हाळा आणि तीळगूळ?"

त्यांनी तीळ बंद केले. धने-जिऱ्याचं पाणी, ताक, मनुके, नुसतं मुगाचं पाणी असं चार-सहा दिवस. घरी येताना मी दीपाला विचारलं, "तोंड जळून राह्यलं होतं तर सांगतलं काहून नाई?"

"तुमी येवढं करून राह्यले होते," ती म्हणाली.

"मले सांगत जा. आत्याबाईले सांगनार होती ना, तसंच मले सांगत जा."

ती म्हणाली, "बरं." तेव्हापासून ती सांगायला लागली. आज भूक आहे, आज नाही. आज घागर उचलली तर दम नाही लागला. आज भाजीत मीठ जास्त झालं. ते शेवटचं ती रोजच सांगायची.

एप्रिलमध्येही परात एक दिवस पालथी होती; दुसऱ्या दिवशी तिनं सुलटी केली तेव्हा मी ती पुन्हा पालथी घातली. ती बाजेवर जाऊन पडली. चार दिवस मी चूल सांभाळली. मे महिन्यात तसंच. जूनमध्ये सरकारी दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं, ते थोडं वाढलं होतं. बाई म्हणाल्या, "थोडं म्हणजे थोडंच. पण दिशा बरोबर आहे." तिच्या ओठांना रंग यायला लागला होता. पेरणीच्या दिवसांत ती मथुराबाईंबरोबर सरकी टोबायला गेली आणि संध्याकाळी चालत घरी आली.

श्रावणात एका सकाळी परात पालथी होती. दुसऱ्या दिवशीही पालथी. मी काही सांगितलं नव्हतं, घातलीही नव्हती; तिनंच ती तशी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मी पहाटेच उठून चुलीकडे गेलो. परात पालथीच होती. मी तिथे उभा राहिलो. सत्यभामा असती तर मी तिला उठवून दाखवलं असतं. मग चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं, पीठ मळायला घेतलं.

दीपा बाजेवरून म्हणाली, "मामाजी."

"काय वं?"

"तीन दिवस झाले." तिच्या आवाजात हसू होतं. "अन् भाकर आज पातळ करा. कालची जाड झाल्ती."

"कालची तू दीड खाल्ली."

"भूक होती म्हनून खाल्ली. चांगली होती म्हनून नाई."

मथुराबाई दूध घेऊन आल्या होत्या. त्यांनी परात पालथी पाहिली, माझे पिठाचे हात पाहिले आणि दारातच बसून घेतलं. "सत्यभामाबाई, पाहा वं," त्या भिंतीवरच्या फोटोला म्हणाल्या, "तुमचा मानूस भाकर थापून राह्यला, गोवरी नाई." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही तवा पुसायचं निमित्त केलं.

कुंदाबाईंकडे गेलो तेव्हा त्या खूश झाल्या. शतावरी चालू ठेवायची म्हणाल्या, गोळ्या आणखी काही महिने. "आता हिला सारखं धरून बसू नका," त्या मला म्हणाल्या. "एकटी राहू शकते ती."

परत येताना जीपमध्ये दीपा म्हणाली, "आता तुमी मुकुटबनला जाऊन या. माझ्यासाठी थांबून राह्यले होते ना?"

मी तिच्यासाठी थांबलो होतो हे खरं होतं. तिला एकटं सोडून जाणं जमत नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं; पिशवी तिकडे होती तोवर सत्यभामा लग्नालाच गेलीय असं वाटायचं, आणि दीपाला ते समजलं असावं. ती म्हणाली, "आत्याबाईचा चष्मा हाये ना त्यात? फोटोजवळ ठेवू."

"ठेवू," मी म्हणालो.

नवा कापूस फुटायला लागला आहे. जिनिंग दिवाळीनंतर सुरू होईल असं म्हणतात. दीपा वेचणीला जाते, पण आधी जेवून जाते. या महिन्यात परात चार दिवस पालथी होती. मुकुटबनला जाऊन सत्यभामेची पिशवी आणायची मात्र अजून राहिली आहे.